जे. एन. टाटा एंडोमेंट : गुणवत्तेला परतफेडीचे बळ

स्थापना : १८९२, मुंबई. संस्थापक जमशेटजी नसरवानजी टाटा.

उद्देश : परदेशात उच्च शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्या गुणवंत भारतीय पदवीधरांना आर्थिक साहाय्य. आरंभी ही योजना पारशी विद्यार्थ्यांपुरती होती. लवकरच ती सर्व भारतीयांसाठी खुली झाली.

स्वरूप : कर्जाऊ शिष्यवृत्ती. शिक्षण संपल्यावर रक्कम हप्त्यांनी फेडायची. परदेशातील अभ्यासात उत्तम कामगिरी करणाऱ्या काहींना परत न करावे लागणारे अनुदानही मिळते.

निवड : शैक्षणिक कामगिरी आणि विषयतज्ज्ञांनी घेतलेली मुलाखत यांवर भर. अर्ज दरवर्षी मागवले जातात.

सुरुवातीच्या मानकरी : डॉ. फ्रेनी कामा आणि कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर. मुलींच्या शाळेलाही विरोध होत असलेल्या काळात सुरुवातीच्या मानकऱ्यांत दोन स्त्रिया होत्या, ही या योजनेची सर्वांत अभिमानाची नोंद.

पुढचे मानकरी : के. आर. नारायणन १९४५मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये गेले आणि पुढे राष्ट्रपती झाले. जयंत नारळीकर १९५७मध्ये केंब्रिजला गेले, पुढे पुण्यात ‘आयुका’ या खगोलशास्त्र केंद्राचे संस्थापक-संचालक झाले. अणुशास्त्रज्ञ राजा रामण्णा हेही याच परंपरेतले.

वेगळेपण : एकाने फेडलेले पैसे दुसऱ्याच्या शिक्षणाला लागतात. त्यामुळे विद्यार्थ्याचा स्वाभिमान राखला जातो आणि निधीही आटत नाही. वेळेवर भरलेला प्रत्येक हप्ता म्हणजे अनोळखी विद्यार्थ्याला दिलेली संधी आहे, हे प्रत्येक लाभार्थ्याने लक्षात ठेवायला हवे.