नऊ खोल्या, चार रात्री

पहाटे ५.४०

विमान सुवर्णभूमीवर टेकतं तेव्हा माझं घड्याळ अजून चार-दहा दाखवतंय. ते दीड तास पुढं करते. विमानतळाचं नाव थाई लोक लिहितात आपल्यासारखंच, 'सुवर्णभूमि'. बोलताना मात्र 'सुवन्नफूम' म्हणून मोकळे होतात.

रात्रीचं विमान मुद्दाम घेतलं, कारण जानेवारीत माझा नाशिकचा ग्रुप याच विमानानं बँकॉकला येणार आहे. अठरा बायका, वय बावन्न ते त्र्याहत्तर, सगळ्या एका कॉलनीतल्या भिशीच्या. दोन वर्षं दर महिन्याला थोडे जास्तीचे पैसे बाजूला टाकून त्यांनी ही सहल जमवली आहे. दोघींत एक अशा नऊ खोल्या, चार रात्री, आणि खोलीला रात्रीचे फार तर बाराशे बाट, नाश्त्यासकट. बाट पावणेतीन रुपयांच्या आसपास धरला तर तेहतीसशे रुपये. त्यावर एक रुपया नाही, असं भिशीच्या वहीत लिहिलेलं आहे. यादीत तीन हॉटेलं आहेत. आज तिन्ही बघायची आणि रात्री एकाला होकार द्यायचा.

सकाळी ६.४५

इमिग्रेशनमधून बाहेर. आगमनाचा फॉर्म मे २०२५ पासून ऑनलाइन झालाय. प्रवासाआधीच्या तीन दिवसांत भरायचा, फुकट असतो, पण त्यात राहण्याचा पत्ता लागतो. त्यामुळे 'तिथं गेल्यावर बघू' म्हणणाऱ्यांची पंचाईत होते.

विमानतळावरच्या दुकानातून दीड लिटरच्या सहा बाटल्या घेते आणि ट्रॉली बॅगेत भरते. कपडे धरून बारा-तेरा किलो होतात. दुकानातला पोरगा बघतच राहतो. एकटी बाई नऊ लिटर पाणी कशाला घेतेय, असं त्याला वाटलं असणार.

या बॅगेमागं एक गोष्ट आहे. दोन वर्षांपूर्वी याच शहरात मी एक हॉटेल घेतलं होतं. जाहिरातीत 'स्टेशनपासून पाच मिनिटं' होतं आणि ते खोटंही नव्हतं, पंचवीस वर्षांच्या मोकळ्या हातांच्या माणसासाठी. गल्लीला इथं 'सोय' म्हणतात. ती सोय चारशे मीटर आत जात होती, फूटपाथ मध्येच संपत होता आणि नुकताच पाऊस पडून गेला होता. आमच्या ग्रुपमधल्या एकाहत्तर वर्षांच्या काकू निम्म्या वाटेत आपल्याच बॅगेवर बसल्या आणि म्हणाल्या, "अगं, तू माझे दोनशे रुपये वाचवलेस आणि गुडघा घालवलास." पुढचे दोन दिवस त्या खोलीत गुडघा शेकत बसल्या. सगळ्यांनी राजवाडा पाहिला, त्यांनी नाही. आता ही भिशी त्यांनीच जमवली आहे. मला फोनवर एवढंच म्हणाल्या, "राजवाडा राहिलाय माझा."

तेव्हापासून मी हॉटेलं मोकळ्या हातांनी बघत नाही.

सकाळी ७.१०

एअरपोर्ट लिंकनं मक्कासान, तिथून बॅग ओढत पादचारी पुलावरून पेच्छबुरी स्टेशन आणि मग भुयारी मेट्रो. सातवं स्टेशन हुआ लाम्फोंग. दोन्ही ठिकाणी लिफ्ट आहे, पण ती शोधावी लागते. कुठल्या बाजूला, कुठल्या पाटीखाली, सगळं वहीत टिपून ठेवते. टॅक्सीनं येता येतं. मीटरवर विमानतळाचे पन्नास बाट जास्त लागतात आणि वरच्या रस्त्याचा टोल आपण भरायचा. पण अठराजणी, अठरा बॅगा म्हणजे किमान सहा टॅक्सी, आणि त्यातली एक हमखास दुसऱ्याच दारात जाते.

सकाळी ८.००

हुआ लाम्फोंगचं जुनं रेल्वे स्टेशन १९१६ सालचं. लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या जानेवारी २०२३ मध्ये इथून नव्या स्टेशनाला गेल्या. कमानीखालचा भलामोठा हॉल निम्मा रिकामा असतो. आठ वाजतात, राष्ट्रगीत सुरू होतं आणि माणसं आहेत तिथं उभी राहतात. चहावाली, शिपाई, मुलाचा हात धरलेली आई, आणि बॅगेचा दांडा धरून मी. रोज सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला हे होतं. ग्रुपला आधीच सांगायचं, नाहीतर सगळे थांबले की आपण कुणाला तरी धडकतो.

पहिलं हॉटेल मेट्रोच्या दारापासून सहाशे वीस पावलं. दोन ठिकाणी फूटपाथ उतरावा लागतो, एका ठिकाणी फरशी हलते आणि खालचं पाणी चपलेवर उडतं. हॉटेलच्या दारात चार पायऱ्या. उतार नाही, पण उजवीकडे कठडा आहे. बॅग मी स्वतः चढवते. दारवान पुढं येतो, त्याला थांबवते.

भाव अकराशे पन्नास, नेट, म्हणजे कर धरून, नाश्त्यासकट. मी पाचव्या मजल्यावरची खोली मागते. पहिल्या मजल्यावरची दाखवायची खोली नेहमीच बरी असते.

आत गेल्यावरचा माझा क्रम ठरलेला आहे. 'ट्विन' म्हणजे खरंच दोन पलंग आहेत की एकाच पलंगावर दोन गाद्या? खिडकी उघडली की समोर आकाश की भिंत? इथं भिंत, पण दोन हात लांब, उजेड येतो. एसीचं पाणी टपकतं का? गरम पाणी किती वेळात येतं? चाळीस आकडे मोजते, येतं. कमोडजवळ जेट आहे. थायलंडमध्ये हा एक मोठाच दिलासा, आपल्या माणसांना मग घेऊन फिरावं लागत नाही. बाथरूमची फरशी ओली करून अनवाणी उभी राहते. जरा घसरते. रबरी मॅट मागायची. पलंगापासून बाथरूमच्या दिव्याच्या बटणापर्यंत पाच पावलं. शेवटी आगीचा जिना. पाच मजले उतरून खालचं दार स्वतः ढकलून बघते. उघडतं.

दुपारी दोनच्या आधी खोली मिळत नाही, हा सगळ्या शहराचा नियम. आपली विमानं पहाटे उतरतात. मधल्या सात-आठ तासांचं काय, याचं उत्तर ज्याच्याकडे आहे ते हॉटेल माझं. पण ते संध्याकाळी विचारायचं, बाकीची दोन बघून झाल्यावर.

सकाळी १०.४५

पेच्छबुरीला उतरून जवळच्या धक्क्यावरून सेनसेप कालव्याची बोट पकडते. ही बोट प्रवाशांची वाट बघत नाही. धक्क्याला लागते, दोरी पडते, माणसं उड्या मारतात आणि बोट सुटते. हेल्मेट घातलेली कंडक्टर बाई बोटीच्या बाहेरच्या कडेवरून, दोरीला धरून, तिकिटं फाडत फिरते. समोरून दुसरी बोट आली की कडेचे प्रवासी दोरी ओढून प्लॅस्टिकचा पडदा वर करतात, नाहीतर कालव्याचं काळं पाणी थेट तोंडावर. माझी बॅग एका शाळकरी मुलानं उचलून दिली. वहीत लिहिते: बोट फक्त हौसेला, बॅगेविना, पन्नाशीतल्यांनी.

सकाळी ११.१५

प्रतुनाम. कपड्यांचा घाऊक बाजार, डोक्यावर ३०४ मीटर उंचीचा बैयोक टॉवर, खाली डाळ-रोटीचे फलक. आपले बरेच ग्रुप इथंच उतरतात आणि का ते लगेच कळतं: जेवण दारात, खरेदी दारात. पण कपड्यांचे गठ्ठे वाहणाऱ्या हातगाड्यांतून बॅग काढताना दीडशे मीटरला अकरा मिनिटं लागली.

हॉटेल चकचकीत. भाव बाराशे, आणि त्यापुढं दोन छोट्या अधिकच्या खुणा. गोम या खुणांत असते. पहिली म्हणजे दहा टक्के सेवाशुल्क, दुसरी म्हणजे त्या बेरजेवर सात टक्के कर. बाराशेचे होतात चौदाशे बारा. नऊ खोल्या, चार रात्री म्हणजे छत्तीस वेळा दोनशे बारा: साडेसात हजार बाटांच्या वर, म्हणजे वीस हजार रुपयांचा खड्डा. मॅनेजर बाई गोड हसून भाव थोडा खाली आणायला तयार होते. मी जिना बघायला मागते. तिसऱ्या मजल्यावर जिन्यात पाण्याच्या खोक्यांची चळत, माणूस आडवा होऊन जाईल एवढीच वाट. मी मग भावाचं बोलतच नाही.

दुपारी १.००

जेवण. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षर दिसलं की आत जायचं. ते अक्षर 'जे'चं. अंडं नाही, मासळीचा रस नाही, कांदा-लसूणसुद्धा नाही. नुसतं 'भाज्या घाला' म्हटलं की भाज्या येतात आणि बरोबर 'नाम प्ला', म्हणजे माशाचं पाणी, तेही येतं. शाकाहाराला इथला दुसरा शब्द 'मांगसाविरत': मांस आणि विरती. काकूंना हा शब्द लगेच पाठ होईल. मात्र 'जे'मध्ये दूधही नसतं. दह्याशिवाय ज्यांचं जेवण संपत नाही त्यांच्यासाठी फाहुरातचा भारतीय बाजार गाठायचा.

जेवता जेवता ग्रुपमधल्या दुसऱ्या एका काकूंचा मेसेज वाचते: "फ्लॅट घेतला तर? कुकर नेऊ, पिठलं-भात करू." त्यांना उत्तर लिहिते. इथं २००४ च्या कायद्याप्रमाणे हॉटेलला परवाना लागतो. कॉन्डोतले फ्लॅट रात्रीच्या हिशेबानं परस्पर देणं बहुतेक वेळा बेकायदा असतं. पाहुणा परदेशी असेल तर चोवीस तासांत इमिग्रेशनला कळवावंही लागतं. रखवालदारानं अडवलं तर अठराजणी, अठरा बॅगा आणि एक कुकर रस्त्यावर. मेसेजवर हसण्याची चित्रं येतात. विषय मिटला.

दुपारी २.४५

स्कायट्रेननं ओन नुट. मध्यवस्तीपासून लांब म्हणून स्वस्त: नऊशे, नेट. आणि खोली आजच्या दिवसातली सगळ्यात सुंदर. मोठी खिडकी, गच्चीवर पोहायचा तलाव, चादरी कडक इस्त्रीच्या. मन डळमळतं.

मग गणित मांडते. शहरात जाऊन-येऊन माणशी ऐंशी बाटांच्या पुढे, खोलीमागं एकशे साठ. नऊशेची खोली झाली एक हजार साठ. वाचले नव्वद. त्या नव्वद बाटांसाठी रोज गाडीत सव्वा तास, आणि दुपारी पाय दुखले म्हणून कुणी एकटीच खोलीवर परतू शकणार नाही. साठीपुढच्या ग्रुपला दुपारची अर्धा तास पाठ टेकायला खोली जवळ लागते. स्वस्त हॉटेलात ही गोष्ट भावात दिसत नाही.

संध्याकाळी ४.१५

ओन नुटहून निघते आणि सप्टेंबरचा पाऊस कोसळतो. वीस मिनिटांत सोय घोटाभर पाण्यात. नारिंगी जाकिटातले मोटारसायकलवाले आडोशाला उभे. बॅगेची चाकं पाण्यात फिरत नाहीत, नुसती घसटतात. शेवटी उचलून घेते. जानेवारीत इथं पाऊस नसतो, हे मला माहीत आहे. पण तीनशे मीटर बॅग कडेवर घेऊन चालताना दोन वर्षांपूर्वीची ती बॅगेवर बसलेली बाई काही डोळ्यांपुढून हलत नाही.

सहाच्या ठोक्याला स्कायट्रेनच्या फलाटावर असते. पुन्हा राष्ट्रगीत, पुन्हा सगळे उभे. माझ्या पायाखाली छोटं तळं.

संध्याकाळी ७.००

परत पहिल्या हॉटेलात. सहाशे वीस पावलं, या वेळी ओल्या फूटपाथवर, अंधारात. दिवे पुरेसे आहेत. आता सौदा.

बोली लावताना मी भाव पाडत नाही; अकराशे पन्नास ठीक आहे. गोष्टी मागते. पहिली: पोहोचण्याच्या दिवशी सकाळी आठपासून तीन खोल्या. नऊ नकोत. बॅगा सामानखोलीत राहतील, अठराजणींच्या अंघोळी तीन खोल्यांत दोन तासांत उरकतात. आपल्याकडे लग्नघरात एका मोरीवर चाळीस माणसं उरकतात. दुसरी: चावीचं डिपॉझिट खोलीमागं हजार बाट, ते ग्रुपला माफ. नऊ हजार रोख चार दिवस अडकवून कोण ठेवणार? तिसरी: नाश्ता साडेसहाला, अंड्याची कढई वेगळी. चौथी: नऊ रबरी मॅट. पाचवी: सगळ्या खोल्या दोनच मजल्यांवर. मॅनेजर कॅल्क्युलेटर काढतो, ठेवतो, पुन्हा काढतो. दोन खोल्या आठला, तिसरी दहाला. मॅटला हसत हो म्हणतो. अशी मागणी त्याच्याकडे पहिल्यांदाच आली असावी.

रात्री ९.१५

नाशिकला पावणेआठ. काकूंना फोन लावते. त्यांना भाव सांगते, नाश्ता सांगते. राजवाड्याचं सांगते: मेट्रोनं तिसरं स्टेशन सनाम चाय, तिथून राजवाड्याची भिंत धरून पंधरा-वीस मिनिटं चाल आहे, तेवढ्यापुरती आपण गाडी करू. साडेआठला दार उघडतं, ऊन चढायच्या आत पोचू. तिकीट पाचशे बाट. खांदे-गुडघे झाकलेले हवेत, पण तुमच्या साड्यांना ती अडचण नाही.

पलीकडे सगळं शांतपणे ऐकून घेतलं जातं. मग प्रश्न येतो.

"पायऱ्या किती?"

"चार. उजव्या हाताला कठडा आहे."

"तू चढलीस?"

"बॅग घेऊन. दोनदा."

पलीकडं वहीचं पान उलटल्याचा आवाज येतो.

"मग भरून टाक पैसे."