जुन्या मोटारीला गुण देताना

मालकांच्या क्लबने भरवलेल्या प्रदर्शनात जुन्या आलिशान मोटारीचे परीक्षण होते तेव्हा तिची तुलना तिच्याच मूळ रूपाशी केली जाते. कारखान्यातून बाहेर पडली त्या दिवशी ती कशी होती, हा तिथला मापदंड. प्रचलित पद्धतीत गाडी मैदानात येते ती पूर्ण गुण खात्यावर घेऊन, बहुधा 100, आणि दोष सापडेल तसे अर्धा, एक, दोन असे गुण कापले जातात. शेजारच्या गाडीवर गर्दी किती जमली किंवा तिची बाजारातली किंमत काय, याचा गुणपत्रकाशी संबंध नसतो.

दुसरी परंपरा मूळ फ्रान्समधली, सौंदर्य पाहणारी. तिच्यात गाडीची ठेवण, रेषा, रंगसंगती आणि ऐट यांचा कौल घेतला जातो. अमेरिकेत 1950 साली सुरू झालेल्या पेबल बीचच्या स्पर्धेने दोन्हींची सांगड घातली आहे. तिथे तांत्रिक परीक्षक मूळपणा तपासतात आणि मानद परीक्षक सौंदर्याचे गुण देतात. भारतात दिल्लीची ‘स्टेट्समन’ रॅली 1964 पासून चालू आहे, आणि 2008 साली मुंबईत कार्तिए कंपनीने पहिली स्पर्धा भरवल्यापासून परदेशी परीक्षकांची शिस्तही इथल्या मालकांच्या परिचयाची झाली आहे.

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांना हा विषय परका नाही. सांगली, मिरज, जत, औंध, फलटण ही संस्थाने 1948 साली मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत याच मुलखात होती, आणि मोटार येण्याची पहिली वाट संस्थानी दरबारांतून आणि सरदार-सावकारांच्या वाड्यांतून जात असे. दुसरी वाट मुंबईची. जनरल मोटर्सने 1928 साली शिवडीला शेव्हरोलेची जुळणी सुरू केली. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, प्लिमथ, डिसोटो आणि पुढे फियाट बाहेर पडू लागल्या. सांगलीत 1947 साली निघालेले अभियांत्रिकी महाविद्यालय आज त्याच वालचंदांच्या नावाने ओळखले जाते. जुन्या डॉजचे परीक्षण या गावात झाले तर त्या गाडीचे मूळ शोधायला फार लांब जावे लागणार नाही.

परीक्षणाची पहिली पायरी म्हणजे वर्गवारी. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची, म्हणजे 1966 साली स्थापन झालेल्या ‘फिवा’ची वर्गवारी बऱ्याच ठिकाणी वापरतात. 1904 अखेरपर्यंतच्या गाड्या पहिल्या वर्गात, 1905 ते 1918 ‘व्हेटरन’, 1919 ते 1930 ‘व्हिंटेज’, 1931 ते 1945 त्यापुढचा वर्ग, आणि मग युद्धोत्तर गाड्यांचे टप्पे. गावात कोणतीही जुनी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून मिरवते. परीक्षकाच्या कागदावर मात्र 1938 ची ब्यूक व्हिंटेज ठरत नाही आणि 1980 ची मर्सिडीझ तर नाहीच. हा काटेकोरपणा आवश्यक आहे, कारण 1925 च्या गाडीकडून 1965 च्या गाडीसारख्या फटी, रंग आणि आवाज यांची अपेक्षा धरली तर तो त्या गाडीवर अन्याय होतो.

यानंतर कागद. चेसिस क्रमांक, इंजिन क्रमांक आणि नोंदणी पुस्तक यांचा मेळ बसला पाहिजे. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या रोल्स-रॉइसच्या बाबतीत काम दुप्पट होते. तेव्हा कंपनी फक्त इंजिनासह सांगाडा विकत असे आणि त्यावरचा साज, म्हणजे बॉडी, हूपर, बार्कर, थ्रप अँड मेबर्ली अशा कोचबिल्डरांकडून गिऱ्हाइकाच्या पसंतीने चढवला जाई. कंपनीने स्वतःचा तयार पोलादी साज दिला तो युद्धानंतरच. त्यामुळे एकाच वर्षीच्या दोन रोल्स सर्वस्वी वेगळ्या दिसू शकतात आणि दोन्ही अस्सल असू शकतात. अशा वेळी जुना फोटो, बिल, दरबारच्या दप्तरातली नोंद यांना मोल येते. ज्या घरांत गाडी राहिली नाही पण तिचे कागद अजून ट्रंकेत पडून आहेत, त्यांनी ते रद्दीत घालू नयेत, एवढे तरी सांगायलाच हवे.

प्रत्यक्ष पाहणी बहुधा तिघांचे पथक करते. एकाकडे बाहेरचा पत्रा, रंग आणि काचा, दुसऱ्याकडे आतली बैठक, तिसऱ्याकडे इंजिन आणि खालचा भाग. वेळ मोजका असतो. बॉनेट, दारे, डिकी मालकाने उघडायची आणि परीक्षकाने विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, असा शिष्टाचार आहे.

पाहणीत सर्वांत जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे रंग. पूर्वीच्या आलिशान गाड्यांना नायट्रोसेल्युलोज लॅकर असे. ते थरावर थर देऊन, प्रत्येक थर घासून, शेवटी हाताने पॉलिश केलेले असे आणि त्याची झळाळी खोल पण मऊ दिसे. आज गॅरेजमध्ये सहज मिळतो तो वर पारदर्शक कोट दिलेला रंग. 1936 च्या गाडीवर तो लावला की लांबून डोळे दिपतात. जवळ गेल्यावर ती गाडी ओल्या काचेत बुडवून काढल्यासारखी दिसते. मूळपणा पाहणाऱ्या क्लबात या झगमगाटाचे गुण कापले जातात, आणि इथेच मालक दुखावतात. लाखभर रुपये खर्चून केलेल्या पेंटिंगला कमी गुण का, हा त्यांचा प्रश्न. पण परीक्षकाने इथे ढिले पडता कामा नये. जास्तीचा चकचकीतपणा हाही मूळ रूपापासून दूर जाण्याचाच प्रकार आहे.

पत्र्याचा खरेपणा कडांवर कळतो. दार आणि खांब यांच्यातली फट वरून खालपर्यंत सारखी आहे का. मडगार्डच्या आतल्या ओठावर पुटी जाडसर लागली आहे का. बोटाने टिचकी मारल्यावर आवाज पत्र्याचा येतो की बद्द. टिचकी मारायची झाल्यास अर्थातच मालकाच्या परवानगीने.

या दोन जिल्ह्यांत गंज ओळखायलाही स्थानिक नजर लागते. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि धुके महिनोन्‌महिने हटत नाही. तिथल्या बंगल्यात उभी राहिलेली गाडी वरून ठीक दिसते आणि खालून कुजते. दाराचा तळ, फूटबोर्डाखालची पट्टी, डिकीतल्या स्टेपनीची जागा इथे आधी पाहावे. माण, खटाव, जत या कोरड्या तालुक्यांत पत्रा टिकतो, पण उन्हाने लाकडी चौकट आकसते, चामडे तडकते, रबर भुगा होते. सांगलीचे दुखणे तिसरेच. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांवर गेले. पुरात बुडालेली गाडी धुऊन, रंगवून उभी करता येते, पण आसनाखालच्या नळीत, डॅशबोर्डामागच्या वायरींच्या जुडग्यात आणि दाराच्या पोकळीत बारीक काळा गाळ राहतोच. परीक्षकाने बॅटरी दाखवून तिथे पाहिले की पूर आला होता की नाही, हे विचारावे लागत नाही.

आतल्या बाजूला नजर ठरते ती लहान वस्तूंवर. 1928 च्या गाडीच्या डॅशबोर्डावर अधिक-चिन्हाच्या खाचेचा स्क्रू दिसला तर तो नंतरचा आहे, कारण तसले स्क्रू मोटारीत 1930 च्या दशकाच्या मध्यानंतरच आले. त्या काळचा स्क्रू म्हणजे एकच सरळ खाच. त्यातही जाणकार कारागीर लाकडी पट्टीवरच्या सगळ्या खाचा एका दिशेने जुळवून ठेवतो. तसेच वायरींचे. मूळ वायरींवर सुती विणीचे आवरण असे आणि आज बाजारात प्लास्टिकचे मिळते. चामड्याच्या जागी रेग्झिन, लोकरी गालिच्याच्या जागी सिंथेटिक, एकमेकांना छेदणाऱ्या तिरप्या धाग्यांच्या जुन्या टायरांच्या जागी रेडियल, असे बदल एकेकटे फार मोठे नसतात, पण बेरजेत गाडी पाच-सहा गुणांनी खाली येते. रेडियल टायर 1946 नंतरचे आहेत, त्यामुळे युद्धापूर्वीच्या गाडीवर ते असले की कारण सुरक्षिततेचे असले तरी गुण जातातच. काही क्लब यात सवलत देतात. ती आधीच नियमात लिहिलेली असावी.

बॉनेट उघडल्यावर महाराष्ट्रातला सर्वांत कठीण प्रश्न समोर येतो. 1973 नंतर पेट्रोल भडकले आणि मोठ्या अमेरिकन गाड्या पोसणे परवडेनासे झाले. अनेक मालकांनी मूळ सहा किंवा आठ सिलिंडरचे इंजिन काढून डिझेल इंजिन बसवले. गाडी चालू राहिली ती त्यामुळेच. नाहीतर ती भंगारात गेली असती. तरीही परीक्षणात अशी गाडी मूळ वर्गात बसत नाही. तिला सरळ बाद करण्यापेक्षा ‘बदललेल्या गाड्या’ असा वेगळा वर्ग ठेवणे न्याय्य आहे, आणि काढलेले मूळ इंजिन मालकाने जपून ठेवले असेल तर त्याची नोंद गुणपत्रकावर व्हावी.

सुट्या भागांची गोष्ट वेगळी. आयात बंद असलेल्या दशकांत पाण्याचा पंप, बुश, पिन, गिअरचा दात असे भाग कुपवाडच्या, साताऱ्याच्या किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या लेथवर करून घेण्यावाचून गत्यंतर नव्हते. फाउंड्री आणि टर्नर यांच्या बळावरच या पट्ट्यातली जुनी यंत्रे तगली. मूळ मापात, मूळ धातूत, मूळ आट्यांचा केलेला भाग पूर्ण गुणांना पात्र धरावा. विलायती गाडीच्या जुन्या व्हिटवर्थ आट्यांच्या जागी मेट्रिक बोल्ट ठोकला असेल तर तो मात्र दोषच. दोन्ही कामे गावातलीच, पण पहिल्यात गाडीचा अभ्यास दिसतो.

शेवटी गाडी चालू करावी लागते. सेल्फ मारल्यावर इंजिन किती वेळात घेते, निष्क्रिय गतीवर ठेका एकसारखा आहे का, धूर निळा की पांढरा, दिवे, हॉर्न, वायपर चालतात का. काही क्लबांत थोडे अंतर चालवून दाखवणेही सक्तीचे असते. ट्रकवर चढवून आणलेली आणि स्वतःच्या चाकांवर आलेली गाडी एका तराजूत घालू नये, हे तत्त्व अमेरिकेतल्या जग्वार क्लबांच्या महासंघाने नियमात आणले आहे. तिथे ‘चॅम्पियन’ वर्गात इंजिनाची जागा आणि डिकीही तपासतात, तर ‘ड्रिव्हन’, म्हणजे नेहमी चालवल्या जाणाऱ्या, वर्गात फक्त बाहेरचा भाग आणि बैठक. साताऱ्यात भरणाऱ्या प्रदर्शनाला असा वर्ग फार शोभेल. पुण्याहून येणारी गाडी खंबाटकी घाट चढून येते, पाचगणीची पसरणी घाट उतरून येते. उन्हाळ्यात खंबाटकीच्या चढावर जुन्या गाडीच्या नळीतले पेट्रोल वाफ होऊन अडकते आणि इंजिन बंद पडते; ओला फडका टाकून, थांबून, ती पुन्हा चालवत आणणाऱ्याच्या इंजिनावर तेलाचा डाग असणारच.

गेल्या काही वर्षांत जगभर मोठा बदल झाला आहे तो जपणुकीच्या बाबतीत. पूर्वी गाडी संपूर्ण खोलून नवी करणे हाच मान होता. आता मूळ रंग, मूळ चामडे, मूळ ओरखडे घेऊन टिकलेल्या गाडीला वेगळा वर्ग मिळतो. पेबल बीचला 2024 साली सर्वोत्कृष्ट ठरलेली 1934 ची बुगाटी टाइप 59 ही अशीच जपलेली गाडी होती. त्या स्पर्धेत जपणुकीच्या वर्गातल्या गाडीला हा मान पहिल्यांदाच मिळाला. या वर्गात परीक्षक उलट प्रश्न विचारतो: काय बदलायचे टाळले? फिकट झालेला रंग गुण कमी करत नाही, त्यावर मारलेला नवा हात करतो. आपल्याकडे वारशाने आलेली गाडी प्रदर्शनापूर्वी घाईने रंगवण्याची जी हौस आहे, तिने भरून न येणारे नुकसान होते. रंग पुन्हा कधीही देता येतो, मूळ रंग एकदाच असतो.

शेजारच्या कोल्हापुरात छत्रपती घराण्याची युद्धापूर्वीची मेबॅक दरवर्षी दसऱ्याला दसरा चौकात येते. तिचे मॉडेल एसडब्ल्यू 38. यातला आकडा 3.8 लिटरच्या इंजिनाचा आणि अक्षरे डुलत्या अॅक्सलची. ती हजारो लोकांच्या गर्दीतून हळू चालते, आणि इंजिन तापू न देता इतक्या संथ वेगाने चालवणे ही देखभालीची कठीण परीक्षा आहे. प्रदर्शनाचे परीक्षक अशा चालत्या परंपरेला गुण कसे देतील याला ठरीव तक्ता नाही, पण इतिहासासाठी राखलेल्या गुणांत तिची जागा नक्की आहे.

कायद्यानेही मूळपणाला आता अर्थ दिला आहे. जुलै 2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार पहिल्या नोंदणीला 50 वर्षे झालेल्या आणि चेसिस, साज किंवा इंजिनात मोठा बदल न केलेल्या दुचाकी-चारचाकीला कायद्याच्या अर्थाने व्हिंटेज म्हणून नोंदता येते. नव्या नोंदणीला ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो; आधीच नोंदलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये, मुदत 10 वर्षे, पुनर्नोंदणी 5,000 रुपये. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन आणि देखभाल एवढ्यासाठीच ती रस्त्यावर येऊ शकते.

निकाल जाहीर झाल्यावर गुणपत्रकाची एक प्रत मालकाच्या हाती पडली पाहिजे, आणि तिच्यावर नुसते आकडे नसावेत. ‘डावे मागचे दार, खालची फट जास्त, अर्धा गुण’ असे लिहिलेले असले की सांगलीचा मालक ते पत्रक घेऊन आपल्या फिटरकडे आणि कुशनवाल्याकडे जाऊ शकतो, आणि पुढच्या प्रदर्शनापूर्वी नेमके कोणते काम करायचे आणि कशाला हात लावायचा नाही, हे दोघांनाही कळते.