सामायिक लेझर आणि ठाण्याचा पावसाळा

1938 साली बारामतीत जन्मलेल्या आणि 1958 साली पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून पदवी घेऊन अमेरिकेला गेलेल्या कुमार पटेल यांनी 1964 साली बेल लॅब्जमध्ये कार्बन डायऑक्साइड वायूतून लेझर काढून दाखवला. आज ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या किंवा डोंबिवली एमआयडीसीतल्या गाळ्यात अॅक्रिलिकची नेमप्लेट, शाळेची ट्रॉफी किंवा लग्नपत्रिकेची जाळी कापली जाते ती त्याच लेझरच्या वंशजावर.

लेझर कटरचं मशीन दिसायला साधं असतं. झाकण असलेली मोठी पेटी, आत मधमाशीच्या पोळ्यासारख्या जाळीचा पलंग, मागच्या बाजूला काचेची मीटर-सव्वा मीटर लांब नळी. कारागीर तिला नुसतं ‘ट्यूब’ म्हणतात. वायू भरलेल्या या ट्यूबला वीस हजार व्होल्टच्या आसपास दाब दिला की तिच्या तोंडातून डोळ्यांना न दिसणारा, 10.6 मायक्रॉन तरंगलांबीचा किरण निघतो. तीन आरशांवर वळत तो फिरत्या हेडमधल्या झिंक सेलेनाइडच्या भिंगात येतो आणि तिथे एकवटून तीन मिलिमीटरचं एमडीएफ लोण्यासारखं कापतो. आत दिलेल्या विजेपैकी जेमतेम दहा टक्क्यांचा किरण होतो, बाकीची उष्णता होते. ती वाहून नेण्यासाठी ट्यूबभोवती सतत पाणी फिरवावं लागतं. मशीनचं पुढचं बहुतेक आयुष्य या पाण्यावर ठरतं.

एकाच्या मालकीचं मशीन आणि अनेकांनी वापरायचं मशीन यांत मोठा फरक आहे. महाराष्ट्राला तो बराच आधी कळायला हवा होता, कारण सामायिक कार्यशाळेचा जगातला एक पहिला प्रयोग इथेच झाला. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातलं पाबळ हे गाव. हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करता करता शिकायचं, हा तिथला शिरस्ता. अमेरिकेतल्या एमआयटीचे नील गर्शनफेल्ड तिथे पोहोचले आणि 2002 साली पाबळमध्ये फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणारी यंत्रं सर्वांना वापरायला देणारी प्रयोगशाळा, उभी राहिली. एमआयटीबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबमध्ये ती गणली जाते. आज जगभरात अशा दोन हजारांहून अधिक प्रयोगशाळा आहेत आणि लेझर कटर हे त्यांतलं नेहमी राबणारं यंत्र आहे. या सगळ्या लॅबची मिळून एक सनद आहे. वापरणाऱ्याने माणसाला आणि यंत्राला इजा करू नये, आपला पसारा आवरावा, यंत्रं राखण्यात, दुरुस्त करण्यात आणि काही बिघडलं तर ते कळवण्यात हातभार लावावा, असं ती बजावते. वाक्यं सुंदर आहेत. अडचण इतकीच, की ‘सर्वांनी’ करायचं काम शुक्रवारी संध्याकाळी नेमकं कोणी करायचं, हे सनदेत लिहिलेलं नाही.

मुंबईकरांना जवळचं उदाहरण मेकर्स असायलम या सामायिक कार्यशाळेचं. 2013 साली एका स्टार्टअपच्या ऑफिसचं छत कोसळलं, फर्निचर मोडलं, आणि ते पुन्हा बनवण्यासाठी वैभव छाब्रा यांनी लोकांना बोलावलं. त्यातून अंधेरीची कार्यशाळा उभी राहिली. पुढे ती गोव्यात मोयऱ्याला गेली. 2020 च्या टाळेबंदीत त्यांनी फेस शील्ड बनवायला घेतल्या. 3डी प्रिंटरवर एक सांगाडा व्हायला फार वेळ लागतो, लेझर तेच काम मिनिटांत उरकतो. काम असं 42 शहरं-गावांतल्या कार्यशाळांत पसरलं आणि 49 दिवसांत दहा लाख शील्ड तयार झाल्या. त्या बातम्यांत उत्साह भरपूर होता. इतक्या कापणीनंतर किती भिंगं काजळली असतील, हा प्रश्न मात्र कोणी विचारल्याचं दिसत नाही.

भागीचे घोडे किवणाने मेले, ही म्हण लेझर कटरला तंतोतंत लागू पडते. घोड्याला मारत कोणीच नाही, फक्त जखम धुवायला कोणी पुढे येत नाही. कापणी अर्धवट झाली की प्रत्येकाच्या मनात पहिला विचार एकच येतो: पॉवर वाढवू. भिंगावर धुराचा चिकटा बसलेला असतो, पावसात एमडीएफ फुगून वाकलेलं असतं, त्यामुळे किरण नेमका एकवटत नाही. पण बटण पॉवरचं समोर असतं. ट्यूबमधून किती मिलिअँपिअर जावेत याची प्रत्येक ट्यूबला मर्यादा असते, चाळीस वॉटच्या लहान ट्यूबला सोळा-अठराच्या आसपास. काटा रोज त्यापलीकडे नेला तर हजारो तास चालायची ट्यूब काही महिन्यांत फिकी पडते. तिला मारणारा एक जण सापडत नाही. थोडी थोडी सगळ्यांनीच मारलेली असते.

खरं राखण्याचं काम दिसतं ते भिंग पुसताना. हेडमधून भिंग बाहेर काढायचं. त्याआधी हात धुवायचे, कारण बोटाचा तेलकट ठसा किरणाखाली जळतो आणि भिंग तडकवू शकतो. तोंडाने फुंकायचं नाही, थुंकीचे कण बसतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब, लेन्स टिश्यू, आणि न घासता एकाच दिशेने अलगद ओढायचं. झिंक सेलेनाइड विषारी असतं, म्हणून फुटलेलं भिंग झाडूने गोळा करून कचऱ्यात टाकणं बरं नव्हे. मग आरसे. हेडवरच्या आरशासमोर कागदी टेप लावून एक झटका द्यायचा, जळलेला ठिपका कुठे पडतो ते बघायचं. हेड जवळच्या कोपऱ्यात असताना आणि लांबच्या कोपऱ्यात असताना ठिपका एकाच जागी पडला, तर मशीन सरळ. नाहीतर आरशामागचे तीन स्क्रू पाव-पाव फेऱ्यांनी फिरवत बसायचं. सवयीच्या हाताला वीस मिनिटं, नवख्याची अख्खी दुपार.

ठाणे-कल्याण पट्ट्याची खास डोकेदुखी म्हणजे दमटपणा. माहितीपत्रकात ट्यूब थंड ठेवणाऱ्या चिलरचं पाणी वीस अंशांवर ठेवा असं लिहिलेलं असतं. ते कोरड्या हवेत चालतं. जुलैत डोंबिवलीत हवा 30 अंश आणि आर्द्रता 85 टक्के असेल, तर सुमारे 27 अंशांखालच्या कुठल्याही पृष्ठभागावर दव धरतं. म्हणजे वीस अंशांचं पाणी फिरवलं की ट्यूब बाहेरून घामेजते. तोंडाशी थेंब साचला तर किरणाच्या उष्णतेने तिथली काच तडकते, आणि हजारो व्होल्टच्या टोकाशी ओल आली की ठिणगी उडते. त्यावर उपाय म्हणजे पावसाळ्यात पाणी 27-28 अंशांवर ठेवायचं आणि थोडी ताकद कमी पडली तरी चालवून घ्यायचं. खोलीत एसी बसवून सुटका होईल असं अनेकांना वाटतं. पण धूर ओढणारा पंखा तोच थंड, कोरडा वारा खिडकीबाहेर फेकतो आणि त्या जागी गॅलरीतली ओली हवा आत खेचतो. कापणी चालू असेपर्यंत एसी बिलापुरता उरतो.

पाणीही नळाचं चालत नाही. त्यातले क्षार वीज वाहून नेतात, ट्यूबमध्ये थर धरतात, आणि उघड्या बादलीत आठवड्याभरात शेवाळ येतं. बॅटरीच्या दुकानात मिळणारं डिस्टिल्ड वॉटर स्वस्त आहे, पण ते आणायला कोणीतरी उठावं लागतं.

याहून मोठा शत्रू स्टेशनरीच्या दुकानात मिळतो. कॉलेजच्या सबमिशनच्या दिवसांत विद्यार्थी बगलेत सनबोर्ड घेऊन येतात. बाजारात या नावाने विकला जाणारा बहुतेक बोर्ड म्हणजे पीव्हीसीचा फेस. फ्लेक्स आणि रेक्झिनही त्याच कुळातले. किरणाखाली पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइड निघतो, ओलाव्यात त्याचं हायड्रोक्लोरिक आम्ल होतं. ते आधी फुप्फुसात जातं, मग मशीनच्या रुळांवर आणि बेअरिंगवर गंज होऊन बसतं. संशय आला तर एक जुनी चाचणी आहे: तांब्याची तार लाल होईपर्यंत तापवायची, प्लास्टिकला टेकवून पुन्हा ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली, तर तो तुकडा परत. उद्या सकाळी सबमिशन असलेल्या मुलाला हे सांगणं वाईटपणाचं काम आहे, आणि म्हणूनच ते ‘सर्वांवर’ सोपवता येत नाही.

आगीचंही तसंच. अॅक्रिलिक पेटतं तेव्हा थेंब थेंब जळत जाळीखाली टपकतं, आणि तिथे आधीच्या कापणीचे तुकडे साठलेले असतील तर दोन मिनिटांत पेटी भरते. मशीन चालू ठेवून चहाला जायचं नाही आणि हाताशी कार्बन डायऑक्साइडचा अग्निशामक ठेवायचा, हे दोनच नियम भिंतीवर लिहिले तरी पुष्कळ झालं.

मशीन राखण्याच्या बाबतीत सामायिक कार्यशाळांनी खासगी जॉबवर्कवाल्याकडे बघावं. ट्यूब गेली तर पैसे त्याच्या खिशातून जातात, म्हणून तो प्रत्येक मिनिटाचा दर लावतो आणि त्यात ट्यूबची झीज धरतो. सरकारी योजनांना हे अगदीच माहीत नाही असं नाही. 2016 साली सुरू झालेल्या, शाळांमधल्या अटल टिंकरिंग लॅबच्या वीस लाखांच्या अनुदानात दहा लाख उभारणीला आणि दहा लाख पाच वर्षांच्या चालवण्याला असे भाग आहेत. देणगीतून आलेल्या मशीनला मात्र बहुधा उद्घाटनाचाच निधी असतो. नोंदवहीत तारीख, मटेरियल, पॉवर, मिलिअँपिअर आणि कापणीची मिनिटं लिहिली गेली, मिनिटामागे थोडे पैसे वेगळ्या डब्यात पडले, आणि ‘नाही’ म्हणायचा अधिकार एका नावाला दिला, तर सामायिक मशीनही खासगीइतकं टिकतं. प्रशिक्षण सगळ्यांना द्यावं, पण किल्ली एकाकडेच असावी. लोकशाहीवाद्यांना हे रुचत नाही, पण भिंग मतदानाने पुसलं जात नाही.

सर्वांत मोठी कसोटी गणपतीची. 2018 साली राज्याने थर्माकोलवर बंदी घातली आणि मखरांचा बराचसा धंदा पुठ्ठा, प्लाय आणि लेझरने कापलेल्या एमडीएफकडे वळला. म्हणजे वर्षातलं सर्वांत जास्त काम सर्वांत दमट महिन्यांत येतं. या गर्दीसाठी जादा ट्यूब आधीच आणून कपाटात ठेवावी म्हटलं, तर न वापरलेल्या ट्यूबमधला वायूही हळूहळू निकामी होतो. म्हणून जाणकार ती जूनच्या अखेरीस मागवतात आणि खोकं कुरिअरवाल्यासमोरच उघडतात. आतलं काचेचं वेटोळं दोन्ही टोकांपासून उजेडात धरून बघायचं, तडा नसेल तरच सही करायची, आणि मशीनवर चढवल्यावर पाण्यातला शेवटचा बुडबुडा निघेपर्यंत वीज द्यायची नाही.