जुन्या बंबातून पुन्हा पाणी

आगीचा बंब म्हणजे चाकांवर बसवलेला पंप. इंजिन, गिअरबॉक्स, टाकी, शिड्या, घंटा हा सारा सरंजाम त्या पंपाला वेळेत आगीपाशी पोचवण्यासाठी आणि तिथे तो तासन्‌तास चालवण्यासाठी असतो. जुना बंब विकत घ्यायचा, सवडीने खोलायचा, दुरुस्त करायचा आणि पुन्हा पाणी फेकण्याजोगा करायचा, हा छंद अमेरिकेत चांगलाच रुजला आहे. आपल्याकडे जुन्या मोटारी जपणारे शौकीन असतात, तसे तिथे बंबांचे शौकीन असतात. त्यांची राष्ट्रीय संघटना १९५८ साली स्थापन झाली. ‘स्पामफा’ या आद्याक्षरी नावाने ती ओळखली जाते.

हा छंद तिथेच का फोफावला, याचे कारण तिथल्या व्यवस्थेत आहे. अमेरिकेतील बहुसंख्य अग्निशमन दले लहान गावांची आणि स्वयंसेवकांची आहेत. गावाने पैसे जमवून घेतलेला बंब वीस-पंचवीस वर्षे नेटाने वापरला जातो, मग काही वर्षे राखीव म्हणून मागे उभा राहतो आणि शेवटी लिलावात निघतो. तोवर तो छपराखाली ठेवलेला, धुतलेला-पुसलेला असतो आणि मैलांचा आकडाही अगदी थोडा असतो. हा आकडा मात्र फसवा असतो. बंबाचे खरे कष्ट रस्त्यावर होत नाहीत. गाडी जागेवर उभी असताना इंजिन पूर्ण जोराने पंप फिरवत असते, आणि मैल मोजणाऱ्या काट्यावर त्यातले काहीच चढत नाही. म्हणून जाणकार ग्राहक मैलांपेक्षा इंजिनचे तास विचारतो आणि गावाच्या नोंदवहीत मोठ्या आगींची माहिती शोधतो.

बंब बनवणाऱ्या कंपन्यांची नावे या वर्तुळात आदराने घेतली जातात. न्यूयॉर्क राज्यातील एल्मायरा इथली अमेरिकन लाफ्रान्स, १८८१ साली सुरू झालेली सीग्रेव्ह, ट्रकसाठी नावाजलेली मॅक, आणि सिनसिनाटीची आहरेन्स-फॉक्स. आहरेन्स-फॉक्सचा बंब लांबूनही ओळखू येतो. त्याचा पिस्टन पंप रेडिएटरच्याही पुढे, गाडीच्या नाकावर बसवलेला असतो आणि त्यावर एक चकचकीत पोकळ गोळा असतो. हा गोळा शोभेचा नाही. पिस्टन पंपातून पाणी धक्क्याधक्क्याने येते. गोळ्यात कोंडलेली हवा दर धक्क्याला दबते व पुन्हा पसरते, त्यामुळे नळीतून एकसंध धार निघते. अमेरिकन लाफ्रान्सने दुसऱ्या महायुद्धानंतर आणलेल्या ७०० मालिकेत चालकाची जागा पुढच्या आसाच्याही पुढे नेली. आज आपण पाहतो त्या सपाट तोंडाच्या बंबांच्या घडणीवर या मालिकेची छाप आहे.

लिलावात बंब स्वस्तात मिळू शकतो, पण त्याला ठेवायला जागा लागते आणि ती शोधताना भल्याभल्यांचा धीर सुटतो. घराच्या गॅरेजमध्ये तो मावत नाही. टाकी ५०० गॅलनची असेल तर नुसत्या पाण्याचेच वजन जवळजवळ १,९०० किलो भरते, त्यामुळे साधी फरशीही ते पेलेल याची खात्री नसते. गंजलेला पत्रा पुन्हा बनवता येतो, पण हरवलेली घंटा, मूळ नॉझल, दाबमापकाच्या तबकड्या, पितळी झाकणे शोधण्यात वर्षे जातात. म्हणून रंग उडालेला पण सर्व भाग जागेवर असलेला बंब हा चकाचक पण अर्धवट बंबापेक्षा चांगला सौदा ठरतो. कंपनीच्या पट्टीवर कोरलेला क्रमांक मिळाला, की ती गाडी कोणत्या गावाला कधी दिली, मूळ रंग कोणता होता, पंप किती क्षमतेचा होता, याचा माग काढता येतो. गावच्या अग्निशमन केंद्राच्या भिंतीवरचा एखादा जुना फोटो अशा वेळी फार उपयोगी पडतो.

वर्षानुवर्षे बंद असलेल्या इंजिनाला थेट स्टार्टर मारणे ही या कामातली सर्वांत महाग पडणारी घाई. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला गंजाने चिकटलेल्या असतात. प्लग काढून सिलिंडरमध्ये गंज सोडवणारे तेल ओतायचे, ते काही दिवस मुरू द्यायचे आणि मग पहारीने, हाताने, बेताबेताने इंजिन हलते का पाहायचे, हा रिवाज आहे. अनेक मोठ्या बंबांत दर सिलिंडरला दोन प्लग असतात, म्हणजे लाफ्रान्सच्या व्ही-१२ इंजिनाला चोवीस. एक इग्निशन बंद पडले तरी आगीसमोर पंप थांबता कामा नये, यासाठी ही दुहेरी सोय. दुरुस्ती करणारा म्हणूनच दोन्ही इग्निशन एकेक करून तपासतो. दोन्ही चालू असताना इंजिन छान वाजते आणि एक पूर्ण मेलेले असले तरी पटकन कळत नाही.

थंड ठेवण्याची व्यवस्थाही नेहमीच्या ट्रकपेक्षा वेगळी असते. उभ्या गाडीच्या रेडिएटरला समोरून वारा मिळत नाही, म्हणून पंपातलेच थोडे पाणी बारीक नळीने वळवून इंजिन गार ठेवले जाते. तळ्यातले आणि नदीतले गाळमिश्रित पाणी वर्षानुवर्षे त्यातून गेल्याने ही नळी बहुधा तुंबलेली सापडते. याशिवाय जुन्या बंबांना आजचे इथेनॉलमिश्रित पेट्रोल सोसत नाही. रबरी नळ्या फुगतात आणि कार्बोरेटरमधल्या जुन्या तरंग्यांवरचा लेप सुटतो. ते भाग सुरुवातीलाच बदललेले बरे.

या सगळ्यानंतर खरे काम येते ते पंपाचे. इंजिन सुरू झाले, रंग लागला आणि मिरवणूक निघाली, एवढ्यावर समाधान मानणारे बरेच असतात. पण ज्या बंबातून पाणी येत नाही तो पुरता दुरुस्त झाला असे म्हणता येणार नाही. पंपाचे मुख्य प्रकार तीन. पिस्टन पंपाचा उल्लेख वर आला. रोटरी पंपात दोन दातेरी चक्रे एकमेकांत अडकून फिरतात. तो हवाही खेचतो, त्यामुळे तळ्यातून पाणी उचलायला त्याला वेगळी मदत लागत नाही, पण वाळूने त्याचे दाते लवकर झिजतात. तिसरा सेंट्रिफ्यूगल, म्हणजे पाणी गरगरा फिरवून बाहेर फेकणारा. दुसऱ्या महायुद्धानंतर याचेच राज्य आले. याला हवा खेचता येत नाही. म्हणून जोडीला एक छोटा प्रायमिंग पंप असतो. तो सक्शन नळीतली हवा काढून घेतो आणि बाहेरच्या हवेच्या दाबाने पाणी वर चढते. हवेचा दाब पाण्याला फार तर १०.३ मीटर वर ढकलू शकतो. प्रत्यक्षात सहा-सात मीटरच्या पुढे भरवसा धरता येत नाही.

पंप खोलल्यावर आधी बिडाचे कवच पाहतात. थंडीत आत राहिलेले पाणी गोठून फुगले असेल, तर कवचाला बारीक तडा गेलेला असतो. तो रंगाखाली लपून राहतो आणि दाब चढल्यावरच बोलतो. बीड सांधणे कौशल्याचे काम आहे. आधी संपूर्ण भाग नीट तापवल्याशिवाय वेल्डिंग केले, तर शेजारी नवा तडा जातो. मग इम्पेलर, म्हणजे पाणी फिरवणारे चक्र, आणि त्याभोवतीची झीज-कडी यांच्यातली फट मोजायची. ती वाढली असेल तर दाबाखालचे पाणी उलटे सक्शनकडे पळते. पंप जोरात फिरतो, आवाजही दमदार येतो, धार मात्र मरतुकडी पडते. नवी कडी लेथवर कातून घ्यावी लागते.

पंप फिरवणारा दांडा कवचातून बाहेर येतो तिथे ग्रॅफाइट लावलेल्या दोराचे वेढे घातलेले असतात. फिटर त्याला ग्लँड पॅकिंग म्हणतात. त्याची झाकणी किती आवळायची हे हाताला कळावे लागते. पंप चालू असताना तिथून थेंब-थेंब पाणी गळायलाच हवे, कारण तेच पाणी दांड्याला गार ठेवते. नवखा माणूस ती गळती दोष समजून नट आवळत जातो, गळती थांबते आणि थोड्याच वेळात पॅकिंग करपल्याचा वास येतो. मग दांड्यावर खाचा पडतात आणि पंप पुन्हा उघडावा लागतो.

जोडणी झाल्यावर पंपाची कोरडी परीक्षा होते. सगळी तोंडे बंद करून प्रायमिंग पंपाने आतली हवा काढायची. पाऱ्याचे २२ इंच निर्वात झाले की थांबायचे आणि घड्याळ लावायचे. पाच मिनिटांत काटा दहा इंचांहून जास्त घसरता कामा नये. घसरला तर पंपात दाबाने पाणी भरून कुठल्या सांध्यावर थेंब फुटतो ते पाहायचे. बहुतेक वेळा गुन्हेगार एखादा वाळलेला वॉशर निघतो.

ओली परीक्षा तळ्याच्या काठी. सक्शन नळीला जाळी लावून ती पाण्यात सोडतात आणि नळ्यांमधून धार परत तळ्यातच मारतात. अमेरिकन मानकानुसार पंपाने चौरस इंचाला १५० पौंड दाबावर पूर्ण क्षमतेचे पाणी द्यायचे असते, २०० पौंडांवर ७० टक्के आणि २५० पौंडांवर निम्मे. म्हणजे १,००० गॅलनचा पंप पहिल्या टप्प्यात मिनिटाला जवळजवळ ३,८०० लिटर पाणी फेकतो. फार जुन्या पंपांची पूर्ण क्षमता १२० पौंडांवर मोजलेली असायची, त्यांना नवा नियम लावून नापास करणे अन्यायाचे होईल. पन्नास-साठ वर्षांचा पंप या कसोटीला उतरतो, तेव्हा तो घडवणाऱ्या ओतकामगारांचे आणि कातारींचे कौतुक वाटल्याशिवाय राहत नाही.

टाकीचे पत्रे आतून गंजलेले असतात आणि पाणी डचमळू नये म्हणून घातलेले आडवे पडदे बहुधा आधी सुटलेले असतात. ब्रेकच्या जुन्या पट्ट्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असते, त्यामुळे ड्रम हवेच्या फवाऱ्याने साफ करणे धोक्याचे. टायरची नक्षी कितीही नवी दिसली तरी रबर वयाने मरते. आणि जुन्या ट्रकांच्या अनेक तुकड्यांच्या रिम हवा भरताना सुटून उडू शकतात, त्याने माणसे दगावली आहेत. ते काम लोखंडी पिंजऱ्यात आणि अनुभवी माणसाकडूनच करून घ्यावे.

रंगकामाला घाई नसावी. जुन्या तांबड्या रंगात शिसे असू शकते, म्हणून कोरडे घासण्यापूर्वी तोंडाला योग्य मास्क आणि धूळ आवरण्याची सोय हवी. शिवाय वरचे थर ओल्या पॉलिशपेपरने हळूहळू उतरवत गेले, तर खालून कधी कधी जुन्या गावाचे नाव आणि सोनेरी रेघा उमटतात. पुढे जाण्यापूर्वी त्या कागदावर छापून घ्याव्यात. अक्षरांची वळणे आणि रेघांची जाडी यांचा तोच अस्सल पुरावा.

ही अक्षरे सोन्याच्या वर्खाची असतात, साधारण २३ कॅरटच्या. आधी अक्षराच्या आकारात चिकट वार्निश लावतात आणि ते नेमके सुकण्याची वाट पाहतात. कारागीर बोटाचे पेर अलगद टेकवून पाहतो; बोटाला वार्निश लागले नाही पण ओढ जाणवली, की वर्ख ठेवायची वेळ झाली. लवकर ठेवला तर सोने बुडून निस्तेज होते, उशीर झाला तर धरत नाही. मग मखमलीची गुंडी त्यावर ठरावीक अंतराने टेकवून फिरवतात, त्यातून लहान लहान चकत्यांची नक्षी उमटते आणि प्रत्येक चकतीवर उजेड वेगळा खेळतो. कडेने काळी रेघ आणि वरून पारदर्शक वार्निश आले की काम पूर्ण होते. छापील सोनेरी पट्टी चिकटवून हे साधत नाही, ते शेजारी ठेवून पाहिले की कळते.

मूळ रंग आणि वर्ख बऱ्यापैकी शिल्लक असेल, तर तो उतरवून नवा लावावा का, यावर शौकिनांत कडाक्याचा वाद असतो. गंज थांबवून, साफसफाई करून जुना रंग तसाच ठेवावा, हे म्हणणे अधिक पटण्याजोगे आहे. ज्या रंगाऱ्याने तो बंब पहिल्यांदा रंगवला त्याच्या हाताची खूण एकदा खरवडली की परत येत नाही. यंत्राची गोष्ट वेगळी. तिथे झिजलेला भाग बदलण्यात संकोच नको.

दुरुस्त झालेले बंब मेळाव्यांत आणि मिरवणुकांत भेटतात, मोठ्या संख्येने पाहायचे असतील तर अ‍ॅरिझोनातील फिनिक्स शहरात ‘हॉल ऑफ फ्लेम’ हे खास संग्रहालय आहे. खासगी मालकाला रस्त्यावर लाल दिवे व भोंगा वापरण्याबाबत प्रत्येक राज्याचे नियम वेगळे असतात. भारतात २०२१ साली पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी वेगळी नोंदणी सुरू झाली, पण ती दुचाकी आणि खासगी प्रवासी चारचाकींपुरती आहे. बंबासारखे जड वाहन तीत बसत नाही. त्यामुळे इथे जपलेल्या बंबांमागे बहुधा एखादी संस्था असते. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात इंग्लंडमधील सॅल्फर्डच्या जॉन मॉरिस अँड सन्स कंपनीचा १९१४ सालचा बंब आहे. दिल्लीच्या जुन्या मोटारींच्या रॅलीत तो धावलेला आहे.

बंब तयार झाल्यावर तो नुसता झाकून ठेवला की पुन्हा बिघडतो. अधूनमधून इंजिन पूर्ण तापेपर्यंत चालवावे, पंप जोडून थोडा वेळ पाणी फिरवावे, सगळे व्हॉल्व्ह उघडझाप करून हलते ठेवावेत. गाळाचे पाणी वापरले असेल तर पंप स्वच्छ पाण्याने धुवावा. नळ्या वाळवूनच घडी घालाव्यात, नाहीतर सुती वेष्टनाला बुरशी लागते. थंड प्रदेशात पहिल्या हिमापूर्वी पंपाच्या तळाची प्रत्येक तोटी उघडून शेवटचा थेंब काढून टाकावा आणि तोट्या वसंतापर्यंत उघड्याच ठेवाव्यात.