तिजोरीचे बळ तळाच्या बोल्टात

कोणतीही तिजोरी कायमची अभेद्य नसते. हत्यारे आणि पुरेसा वेळ हाताशी असेल तर प्रत्येक तिजोरी फुटते, आणि म्हणूनच तिची प्रत मिनिटांत मोजतात. अमेरिकेतील अंडररायटर्स लॅबोरेटरीजच्या चाचणीत ‘टीएल-१५’ हा शिक्का मिळवायचा तर तिजोरीचे दार हत्यारांच्या माऱ्यासमोर १५ मिनिटे टिकावे लागते. प्रत्यक्ष हत्यार चालू असते तेवढाच वेळ त्यात धरला जातो. घरगुती वर्गासाठी हीच अट ५ मिनिटांची आहे. भारतात तिजोऱ्यांसाठी भारतीय मानक ब्युरोचे ‘आयएस ५५०’ हे मानक आहे. खरेदी करताना पत्र्याच्या रंगापेक्षा आणि डिजिटल पडद्यापेक्षा असा शिक्का आहे का, हे आधी पाहावे.

चोर तिजोरी जागेवरच फोडत बसला, तरच या मिनिटांना अर्थ. दुकानात घरगुती म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच इलेक्ट्रॉनिक तिजोऱ्या १० ते ४० किलोच्या असतात. एवढे वजन दोन माणसे जिन्याने सहज खाली नेतात आणि मग निवांत जागी फोडायला त्यांच्याकडे अख्खी रात्र असते. न जखडलेली तिजोरी म्हणजे चोरासाठी सगळा ऐवज एका जागी बांधून ठेवलेले गाठोडे. युरोपच्या ‘ईएन ११४३-१’ या मानकात १,००० किलोपेक्षा हलक्या सुट्या तिजोरीला जखडण्यासाठी भोक असलेच पाहिजे, अशी अट आहे, ती याच कारणाने. मराठी घरांतल्या लोखंडी कपाटाच्या चोरकप्प्यावर पिढ्यान्‌पिढ्या भिस्त ठेवली गेली. पण पातळ पत्र्याचा तो कप्पा घरातल्या मुलांपासून आणि पाहुण्यांपासून दागिने दूर ठेवण्याइतकाच उपयोगी.

त्यामुळे तिजोरी कोणती घ्यायची याइतकाच महत्त्वाचा प्रश्न ती कशात रुतवायची हा आहे. सर्वांत भरवशाचा आधार आरसीसी स्लॅबचा. काँक्रीटमध्ये भोक पाडून घातलेला फास्टनर आवळताना फुगतो आणि भोकाच्या कडांना घट्ट धरतो. जुन्या बांधकामातली नऊ इंची विटेची भिंतही चालते, मात्र बोल्ट विटेत बसला पाहिजे. दोन विटांमधल्या सांध्यात बसलेला बोल्ट ओढला की निघतो. चार इंची पार्टिशनवर भरवसा ठेवू नये. नव्या इमारतींत सर्रास दिसणाऱ्या हलक्या एएसी ब्लॉकच्या भिंती हीच खरी अडचण आहे. हा ब्लॉक सच्छिद्र आणि ठिसूळ असतो. नेहमीचा फास्टनर आवळू लागले की आतला भागच चुरतो आणि बोल्ट भोकात गरगर फिरतो. अशा भिंतीत रसायन भरून पक्का होणारा अँकर लागतो, नाहीतर भिंतीचा नाद सोडून तळाच्या स्लॅबलाच तिजोरी जखडावी. सुताराने वॉर्डरोबच्या प्लायला चार स्क्रूने लावलेली तिजोरी पहारीच्या एका हिसक्यात प्लायसकट बाहेर येते. फर्निचर करतानाच प्लायला भोक ठेवून बोल्ट थेट स्लॅबपर्यंत नेता येतो. ते काम सुताराला आधीच सांगावे लागते.

जाणकार माणूस बोलावण्याचा खरा फायदा ड्रिल चालवण्याआधी दिसतो. भिंतीत कुठून वायरचा पाइप गेला आहे, कुठून नळाचा, हे तो यंत्राने तपासतो. बाथरूमला लागून असलेली भिंत आणि बाथरूमचा खोलगट स्लॅब टाळतो, कारण तिथले वॉटरप्रूफिंग एका भोकाने बिघडते. काही नव्या इमारतींच्या स्लॅबमध्ये ताणलेल्या पोलादी केबल असतात. त्यांना ड्रिल लागणे धोक्याचे आहे, म्हणून तिथे बिल्डरचा नकाशा पाहिल्याशिवाय खोल भोक पाडू नये. वजनाचाही हिशेब आहे. राहत्या खोल्यांचे स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला २०० किलो भार धरून आखलेले असतात. ३००–४०० किलोची जड तिजोरी घ्यायची असेल, तर खोलीच्या मध्यावर न ठेवता बीम किंवा भारवाहक भिंतीलगत ठेवावी आणि आधी इंजिनिअरचा सल्ला घ्यावा.

पुढचे काम सरळ आहे. तिजोरी जागेवर ठेवून खुणा करायच्या, टाइलवर आधी साधे आणि मग काँक्रीटमध्ये हॅमर ड्रिल चालवायचे, भोकातली धूळ पूर्ण फुंकून काढायची. धूळ राहिली तर फास्टनरची पकड अर्धवट राहते, आणि घाईत नेमके हेच राहून जाते. बोल्टचे माथे तिजोरीच्या आत आले पाहिजेत, म्हणजे दार बंद असताना त्यांना पाना लागत नाही. लेव्हल बिघडली तर दार आपोआप उघडते किंवा खटका अडतो, म्हणून शेवटी दार चार-पाच वेळा उघडून-लावून पाहावे.

इलेक्ट्रॉनिक कुलूप असेल, तर कारखान्यातून आलेला पासकोड त्याच दिवशी बदलावा आणि तो मिस्त्रीसमोर टाकू नये. बॅटरी संपली तर उघडण्यासाठी दिलेली चावी त्याच तिजोरीत ठेवणारे लोक कमी नाहीत!

आगीचे गणित वेगळे आहे. अग्निरोधक तिजोरीच्या दुहेरी भिंतींत काँक्रीट किंवा जिप्समसारखा पदार्थ भरलेला असतो. जिप्समच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा पाण्याचा असतो. तापल्यावर ते पाणी वाफ होऊन निघते आणि आतले तापमान काही काळ रोखून धरते. कागदांसाठी ही मर्यादा सुमारे १७७ अंश सेल्सिअस धरतात. संगणकाच्या चुंबकीय डिस्कसाठी मात्र ती ५२ अंशच आहे. म्हणजे खरेदीखत वाचवणारी तिजोरी हार्ड डिस्क वाचवीलच असे नाही. या भरावातला ओलावा एरवीही आत झिरपतो. कोकणात आणि मुंबईच्या पावसाळ्यात चांदी काळवंडते, कागद दमट होतात. सिलिका जेलच्या पुड्या ठेवून महिन्यातून दोनदा दार काही वेळ उघडे ठेवणे हा साधा उपाय. नदीकाठच्या गावांत तळमजल्यावर तिजोरी बसवू नये. अग्निरोधक तिजोरी जलरोधक असतेच असे नाही.

घरात तिजोरी आली म्हणून बँकेचे लॉकर सोडायचे कारण नाही. रोज-आठवड्याला लागणारे दागिने आणि कागद घरी, बाकीचे बँकेत, हीच वाटणी शहाणपणाची. अर्थात लॉकरलाही मर्यादा आहे. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यांतून नुकसान झाले, तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या १०० पटींइतकी असते. भाडे ३,००० रुपये असेल, तर भरपाई ३ लाख रुपये, आत ऐवज कितीही असो.

घरच्या ऐवजासाठी विमा हवाच, पण नाव वाचून पॉलिसी घेऊ नये. १ एप्रिल २०२१ पासून आलेल्या ‘भारत गृहरक्षा’ या प्रमाणित पॉलिसीत दागिन्यांसाठी वेगळे, ऐच्छिक संरक्षण घ्यावे लागते. चोरीही तिच्यात फक्त विमा असलेल्या दुर्घटनेनंतरच्या ७ दिवसांतली धरली जाते. एरवीच्या घरफोडीसाठी स्वतंत्र संरक्षण मागून घ्यावे, आणि दागिन्यांच्या पावत्या, मूल्यांकन व फोटो यांची एक प्रत तिजोरीबाहेर, दुसऱ्या घरी ठेवावी.