रविवारची विश्रांती कोणाची?

रविवारी मिस्सा आटोपून कुटुंब घरी परतते. वडील वर्तमानपत्र उघडतात, मुले टीव्हीसमोर बसतात आणि घरची स्त्री साडी बदलून थेट स्वयंपाकघरात शिरते. रविवार म्हणून मटण, रविवार म्हणून पाहुणे, रविवार म्हणून आठवड्याचे साचलेले धुणे. प्रभूच्या दिवशी त्या घरात विश्रांती नेमकी कोणाला मिळाली?

दहा आज्ञांपैकी तिसरी आज्ञा पवित्र शास्त्रात दोन ठिकाणी विस्ताराने आली आहे. निर्गमच्या विसाव्या अध्यायात तिचे कारण सृष्टीची निर्मिती हे आहे: देवाने सातव्या दिवशी विसावा घेतला. अनुवादच्या पाचव्या अध्यायात मात्र कारण बदलते. इस्राएल लोक मिसर देशात गुलाम होते आणि गुलामाला सुट्टी नसते, याचे स्मरण तेथे करून दिले आहे. म्हणून मुलगा, मुलगी, दास, दासी, परदेशी, एवढेच नव्हे तर बैल आणि गाढव यांनाही विसावा मिळाला पाहिजे. या यादीत पत्नीचा उल्लेख नाही. ‘तू’ या संबोधनातच ती अंतर्भूत आहे, असे अनेक भाष्यकार मानतात. आपल्या घरांत मात्र ती यादीतून खरोखरच गळलेली दिसते!

शब्बाथ हा यहुदी लोकांचा शनिवार. प्रभू येशूचे पुनरुत्थान आठवड्याच्या पहिल्या दिवशी झाले, म्हणून ख्रिस्ती लोक रविवारी एकत्र येऊ लागले. परंतु आरंभीच्या शतकांत तो कामाचाच दिवस होता. इ. स. ३२१ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइन याने न्यायालये व कारागिरांच्या कर्मशाळा रविवारी बंद ठेवण्याचा कायदा केला. शेतकऱ्यांना त्यातून सूट होती, कारण पेरणीची वेळ कोणासाठी थांबत नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांना ही सुट्टी मिळाली ती १८९० साली, नारायण मेघाजी लोखंडे यांनी अनेक वर्षे केलेल्या प्रयत्नांनंतर. लोखंडे हे सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते होते. ज्या सुट्टीत आपण निवांतपणे मिस्सेला जातो, तिच्यामागे त्यांचे कष्ट आहेत, याची जाणीव आपल्या पिढीला क्वचितच असते.

ख्रिस्तसभेचे यासंबंधीचे नियम समजून घेण्यासारखे आहेत. १९८३ च्या धर्मविधी संहितेतील कलम १२४७ केवळ मिस्सेची सक्ती करून थांबत नाही. उपासनेला, प्रभूच्या दिवसाच्या आनंदाला आणि शरीर-मनाच्या योग्य विसाव्याला बाधक होणारी कामे टाळावीत, असेही सांगते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९८ साली ‘दिएस दोमिनी’ हे पत्र लिहिले. ‘वीकएंड’ म्हणजे प्रभूचा दिवस नव्हे, हा भेद त्यांनी त्यात स्पष्ट केला. मॉलमध्ये दिवसभर फिरून थकून येणे ही सुट्टी असेल, विसावा खचितच नाही.

आता प्रश्न वेळेचा. विरारहून चर्चगेट गाठणाऱ्याला सहा दिवस श्वास घ्यायला फुरसत नसते; साहजिकच सारी कामे रविवारवर ढकलली जातात. येथे उपासनेच्या परंपरेतच एक सोय आहे. रविवार हा आदल्या संध्याकाळच्या प्रार्थनेपासून सुरू होतो. म्हणून बाजारहाट, इस्त्री, मुलांचा गृहपाठ शनिवारी दुपारपर्यंत उरकावा. रविवारचे जेवण साधे असावे, आणि भांडी पुरुषांनी व मुलांनी घासावीत. आरंभी कुरकुर होईल. घरकामाला येणाऱ्या ताईंनाही त्या दिवशी पगार न कापता सुट्टी द्यावी.

परिचारिका, रेल्वे कर्मचारी, पोलीस यांना रविवारी कामावर जावेच लागते. कुटुंबाची निकड व समाजाची सेवा ही कारणे ख्रिस्तसभा मान्य करते. अशांनी शनिवारी संध्याकाळच्या किंवा रविवारच्या सोयीच्या मिस्सेस यावे, आणि आठवड्यातील जो दिवस मोकळा मिळेल तो घरच्यांनी त्यांच्यासाठी मोकळाच राहू द्यावा. त्या दिवशी गॅसचा नंबर लावणे, बँकेची खेप, नळ दुरुस्ती यांची यादी त्यांच्या हाती देऊ नये.