गाडीचा हीटर घरी बदलताय? आधी हे वाचा

नागपूरकराला गाडीतल्या हीटरची आठवण वर्षातून जेमतेम दोन महिने होते. डिसेंबर-जानेवारीत पारा दहा अंशांच्या खाली उतरतो, पहाटे उठून पचमढीला किंवा चिखलदऱ्याला जायचे ठरते आणि मग ते बटण फिरवले जाते. अशा वेळी गाडीत गोडसर वास येऊ लागला, समोरच्या काचेवर आतून चिकट धुके साचू लागले, किंवा पायाखालची चटई ओली लागली, तर समजावे की हीटर कोअर गळत आहे.

हीटर कोअर म्हणजे डॅशबोर्डच्या मागे बसवलेला, साधारण वहीएवढा छोटा रेडिएटर. इंजिनातले गरम कूलंट दोन रबरी नळ्यांतून त्यात येते-जाते आणि पंखा त्यावरून हवा फेकतो. हा भाग बदलायला बऱ्याच गाड्यांत अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. मजुरी वाचवावी म्हणून हौशी मंडळी रविवारी अंगणातच पाने-पेचकस घेऊन बसतात. हौसेला आमची हरकत नाही. कोणता नट कुठे, हे ओळखीचा मिस्त्री सांगेल. त्या कामात जिवाला धोका कुठे आहे, एवढेच इथे पाहू.

गोड, म्हणूनच घातक

बहुतेक कूलंटमध्ये पाण्याबरोबर इथिलीन ग्लायकॉल असते. ते चवीला गोड असते. हिरवा, लाल किंवा निळा रंग घातल्यामुळे ते सरबतासारखे दिसते. नळ्या सोडल्या की हे पाणी खाली ठेवलेल्या घमेल्यात किंवा तसराळ्यात उतरते. खरा धोका तिथे सुरू होतो. अंगणात खेळणारे मूल, गल्लीतले कुत्रे, घरचे मांजर, कोणीही त्याला तोंड लावू शकते. दहा किलो वजनाच्या मुलाला शुद्ध ग्लायकॉल 15 मिलिलिटरच्या आसपास, म्हणजे औषधाच्या तीन चमच्यांएवढे, पोटात गेले तरी प्राणावर बेतू शकते. मांजराला तर त्याहून कितीतरी कमी पुरते.

पोटात गेल्यावर यकृत या ग्लायकॉलचे आम्लांत रूपांतर करते. त्यातले ऑक्झॅलिक आम्ल रक्तातल्या कॅल्शियमशी जुळते आणि त्याचे बारीक खडे मूत्रपिंडात अडकतात. पहिल्या काही तासांत माणूस प्यायल्यासारखा झोकांड्या खातो आणि त्याला मळमळते. नंतर श्वास जोरात चालतो, हृदयावर ताण येतो. एक ते तीन दिवसांत लघवी कमी होते किंवा बंद पडते. मधल्या काळात थोडे बरे वाटल्यासारखे होते आणि घरचे निर्धास्त होतात. तेच घात करते.

नागपूरने पाहिलेले ग्लायकॉल

याच कुळातल्या दुसऱ्या विषाने आपल्या भागाला हादरवले होते. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यातली, विशेषतः परासिया भागातली, लहान मुले मूत्रपिंडे निकामी होऊन नागपूरच्या रुग्णालयांत आणली गेली. वीसहून अधिक मुले दगावली. त्यांना दिलेल्या 'कोल्ड्रिफ' या खोकल्याच्या औषधात 48.6 टक्के डायइथिलीन ग्लायकॉल असल्याचे तामिळनाडूतल्या सरकारी तपासणीत आढळले. त्याआधी 1986 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच विषाची भेसळ असलेले ग्लिसरीन दिल्याने 14 रुग्ण गेले आणि त्या प्रकरणी न्यायमूर्ती लेंटिन आयोग नेमला गेला होता.

ते भेसळीचे विष होते, गाडीतले कूलंट नव्हते. दोन्हींचा रस्ता मात्र मूत्रपिंडाकडेच जातो. औषधातले विष आईबापांना दिसणे शक्य नव्हते. अंगणातले घमेले मात्र आपल्या डोळ्यांसमोर असते.

काम करताना

इंजिन पूर्ण गार झाल्याशिवाय रेडिएटरचे झाकण उघडू नका. आतले पाणी दाबाखाली असल्याने शंभर अंशांच्या वर तापलेले असू शकते. झाकण सैल होताच ते उसळून तोंडावर येते. भाजलेच तर वीस मिनिटे नळाच्या गार वाहत्या पाण्याखाली धरा. हळद, टूथपेस्ट, शाई काही लावू नका. डोळ्यात गेले तर भरपूर पाण्याने धुऊन लगेच दवाखाना गाठा.

डॅशबोर्डला हात लावण्याआधी बॅटरीची ऋण तार सोडा आणि गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबा. एअरबॅग अचानक फुटली तर हात-तोंड जायबंदी होते. एअरबॅग आणि एसीच्या गॅसच्या नळ्या मिस्त्रीवरच सोपवा. तो गॅस सुटून कातडीवर आला तर ती गोठते.

नवा कोअर बसल्यावर नळ्यांतली हवा काढायला इंजिन चालू ठेवावे लागते. तेव्हा गाडी उघड्यावर हवी. बंद शेडमध्ये धुरातला कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो. डोके जड होते आणि शुद्ध हरपते.

हातात रबरी मोजे घाला. काढलेले कूलंट घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरा, वर ठळक अक्षरांत 'विष' लिहा आणि कुलपात ठेवा. पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत ते कधीही भरू नका. तहानलेला माणूस लेबल वाचत नाही. सांडलेल्यावर माती किंवा वाळू टाकून ती गोळा करा आणि जागा धुऊन घ्या. उरलेले नालीत ओतू नका, जुने तेल-पाणी घेणाऱ्या गॅरेजला द्या.

कोणी प्यायलेच तर

थोडेच असेल, असा अंदाज बांधत बसू नका. उलटी करवू नका. लक्षणांची वाट न पाहता 108 ला फोन करा किंवा थेट मोठ्या रुग्णालयात न्या. सोबत कूलंटचा डबा न्या आणि किती वाजता पोटात गेले ते डॉक्टरांना सांगा. या विषावर फोमेपिझोल हे औषध आहे. ते नसेल तेव्हा डॉक्टर मोजून अल्कोहोल देतात आणि गरज पडल्यास डायलिसिस करतात. हे ऐकून घरी कोणी दारू पाजू नये. लवकर पोहोचलेला रुग्ण वाचतो, मूत्रपिंडेही वाचतात.

हीटर घरी बदला किंवा गॅरेजमध्ये, तो निर्णय तुमचा. घरी बदलणार असाल तर पहिली नळी सोडण्याआधी मुलांना घरात पाठवा आणि कॅनचे झाकण हाताशी ठेवा.